हीरोवर हात ठेवून बघा

आज एका व्याख्यानाला गेले आणि डोकं फिरवून घेऊन आले. विषय ‘मध्ययुगीन जपानमधलं दैनंदिन जीवन’. आणि तासभर पडद्यावर काय? ‘गेंजी’ ह्या जुन्या दरबारी कादंबरीवरच्या चित्रांमधल्या पायघोळ वस्त्रांतल्या सरदारघरच्या बायका! छप्पर काढून टाकलेले महाल, आपण वरून डोकवायचं, आणि आत सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले. डोळ्याच्या जागी रेघ, नाकाच्या जागी आकडा. काय ते सौंदर्य, काय तो संयम! अहो, पण ह्यांचा भात कोण शिजवत होतं?

मी जपानला शिकत होते तेव्हा आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे बाईंनी, इप्पेन ह्या फिरत्या बौद्ध भिक्षूच्या एमाकीची (लांब गुंडाळीवर रंगवलेल्या चित्रकथेची) छापील प्रत टेबलावर उलगडली होती. मूळ गुंडाळ्या १२९९ सालच्या, रेशमावर रंगवलेल्या. फुकुओकाचा बाजार आला (क्यूशूतलं मोठं शहर नव्हे, हे आजच्या ओकायामातलं गाव). मी आपलं विचारलं, ह्यात इप्पेन कुठे? त्यांनी नेमका त्याच्यावरच तळहात ठेवला. म्हणाल्या, “आता बघ.”

कापडाचा सौदा चाललाय. तांदूळ मापून देतायत. मासळी, मोठाले रांजण. खरं नाट्य तर तळहाताखाली होतं: ज्याची बायको इप्पेनचं ऐकून केस उतरवून संन्यासीण झाली, तो नवरा तलवारीवर हात ठेवून त्याच्यासमोर उभा. ते झाकलं तरी बाजार भरलेलाच!

समाजात उच्चनीचतेच्या पायऱ्या नव्हत्या असं कोण म्हणतंय? डोक्याकडे बघा, कळतं. साधा माणूससुद्धा उंच काळी टोपी झोपतानाही काढत नाही, उघडं डोकं म्हणजे अब्रू गेली. आणि ज्यांना कुणी शिवत नाही ते महारोगी पांढऱ्या कापडात डोकं-तोंड गुंडाळून बाजूला बसलेले. हे आज एका शब्दानेही आलं नाही. एका शब्दानेही!

बान दाइनागोनची गुंडाळी तरी दाखवायची. ८६६ साली राजवाड्याचं ओतेनमोन दार जळलं. आग लावणारा बडा मंत्री, हाच तो बान दाइनागोन, आणि हे पाहिलेला एक हलका शिपाई भीतीने गप्प. पुढे त्याच्या पोराचं शेजारच्या पोराशी भांडण होतं. शेजारी मंत्र्याच्या पदरचा, तो धावत येऊन शिपायाच्या पोराला लाथ घालतो. झालं! बापाचं तोंड सुटतं आणि मंत्री हद्दपार. ती लाथ चित्रात आहे हो, पाय हवेत.

हो, मान्य. गुंडाळ्या रंगवून घेणारे दरबारी आणि मठवालेच. आजारांच्या चित्रांत तर रोग्याला हसणारेही काढलेत. गरिबांच्या कळवळ्याने कुणी कुंचला उचलला नव्हता. पण चेहरे मात्र त्यांनाच मिळालेत, तोंड उघडं, कपाळाला आठ्या.

आता जरा शांत झाल्यावर वाटतंय, त्या वक्त्यांवर एवढं कशाला चिडायचं. त्या दिवशी मीही आधी इप्पेनच शोधला होता की. सेन्सेईंनी हात ठेवला नसता तर पुढची घडी उलगडून मोकळी झाले असते.

प्रश्नोत्तरांत मी हात वर केला होता. माईक पहिल्या रांगेतून मागे आलाच नाही.