सभासद येत नाहीत, की आपण त्यांना फक्त ऐकायलाच बोलावतो?

डॉक्टरांच्या संघटनांच्या बैठकांत हल्ली एक तक्रार हमखास असते. "ऑनलाइन सीएमई ठेवलं तरी सभासद येत नाहीत हो." सीएमई म्हणजे प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांसाठीचं पुढचं, सततचं शिक्षण. जे येतात ते लॉगिन करून, कॅमेरा बंद करून, फोन बाजूला ठेवून पेशंट तपासत बसतात. शेवटी फीडबॅक फॉर्म भरला की क्रेडिट पॉइंट. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचं नूतनीकरण करायला ५ वर्षांत ३० पॉइंट लागतात, ते जमले की सुटलो. हे सगळं खरं आहे. पण त्यावरून "आपल्या लोकांना शिकायचंच नाही" असं जे म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही.

मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करते. आमच्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यरात्रीसुद्धा कुणीतरी ईसीजीचा फोटो टाकतं, "एसटी वर वाटतोय का? लगेच पुढे पाठवू?" (म्हणजे हार्ट अटॅकची शंका) आणि काही मिनिटांत चार जण उत्तर देतात. वेबिनारला गप्प बसणारे हेच ते चार जण. शिकण्याची भूक नसती तर झोप मोडून उत्तर दिलं असतं का? अडचण एवढीच की ग्रुपवर कधी पेशंटचं नाव झाकायचं राहून जातं, एखादा चुकीचा सल्ला तसाच पुढे जातो आणि सकाळच्या शुभेच्छांखाली ती सगळी चर्चा गाडली जाते. संघटनेने काम करायचं ते इथे.

आणि आपण करतो काय? मोठ्या शहरातल्या सुपरस्पेशालिस्ट सरांना बोलावतो. ते बिचारे मनापासून तयारी करून येतात, पण पाऊण तास स्लाइड्स, त्यातल्या निम्म्या तपासण्या आमच्या जिल्ह्यातही होत नाहीत. शेवटी पाच मिनिटं "एनी क्वेश्चन्स?" त्या इंग्रजी शांततेत, शंभर जणांसमोर, "सर, माझ्याकडे फक्त ईसीजी आणि नेब्युलायझर आहे, मी काय करू?" हे विचारायचं धाडस कोण करणार? खरा प्रश्न तर तोच असतो.

नुसत्या भाषणाने डॉक्टरांची प्रॅक्टिस बदलत नाही, हा माझा एकटीचा अनुभव नाही. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात अशा शिक्षणावरच्या चाचण्यांचा आढावा घेतला होता. निव्वळ व्याख्यानांचा परिणाम दिसला नाही. चर्चा, केसेस, प्रत्यक्ष सराव जिथे होता तिथे तो दिसला. म्हणजे झूम येण्याच्या कितीतरी आधीपासून हे माहीत आहे. आपण सभागृहातलं तेच भाषण उचलून स्क्रीनवर आणलं, इतकंच.

ऑनलाइनमध्ये खरी ताकद काय आहे हे बघायचं तर डॉ. संजीव अरोरा यांचं काम बघा. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, शिकलेले हे डॉक्टर अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराचे तज्ज्ञ. त्यांच्या क्लिनिकमध्ये नंबर लागायला आठ-आठ महिने, आणि पेशंट शेकडो मैलांवरून यायचे. त्यांनी २००३ साली 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. दर आठवड्याला गावोगावचे डॉक्टर व्हिडिओवर जमायचे, प्रत्येकाने आपली केस मांडायची, तज्ज्ञांनी आणि बाकीच्यांनी मिळून मार्ग काढायचा, पेशंट त्या गावच्या डॉक्टरकडेच राहायचा. २०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के पेशंट बरे झाले, गावांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के. मला हे वाचताना फार आनंद झाला होता. ही पद्धत आता भारतातही वापरली जाते, पण आमच्यासारख्या छोट्या शाखांपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

आणि ज्ञान नेहमी वरून खालीच वाहतं हे तरी कुणी ठरवलं? डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. लाल विंचू चावलेली माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी एकेका पेशंटशेजारी बसून नोंदी ठेवल्या, १९८२ साली त्या 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाने असंख्य जीव वाचवले. आज एखाद्या वेबिनारमध्ये बिरवाडीसारख्या केंद्रातला तरुण मेडिकल ऑफिसर असेल, तर आपण त्याला बोलायला किती मिनिटं देतो?

माझं मागणं साधं आहे. गट पंधरा-वीस जणांचा ठेवा. वेळ दुपारी अडीचची. सकाळची ओपीडी संपलेली असते, संध्याकाळची सुरू व्हायची असते. रात्री नऊला आम्ही पुष्कळ जणी यायच्याच नाही. हॉटेलातल्या डिनर-सीएमईला तर कधीच नव्हतो. एक केस, ती मांडणारा सभासद, एक तज्ज्ञ. पेशंटचं नाव, गाव, चेहरा काही नको. बोलणं मराठीत, औषधांची नावं आहेत तशी. तज्ज्ञांनी पहिलं वाक्य बोलायच्या आधी प्रत्येकाने आपलं उत्तर चॅटमध्ये टाकायचं. आणि महिन्याने त्याच सभासदाने सांगायचं की पेशंटचं पुढे काय झालं. हा शेवटचा भाग कुणी करतच नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. औषध कंपनीचा पैसा यात लागतच नाही, त्यामुळे कुठलं ब्रँड-नाव पुढे करायचं हाही प्रश्न उरत नाही.

शाखेच्या सचिवांना मी हे लेखी दिलंय. पहिली केस माझी: पावसाळ्यातला ताप, प्लेटलेट्स कमी, डेंग्यू निगेटिव्ह, आणि डोळे लाल. भात लावणीला गेलेला माणूस. तुम्ही पहिल्या दिवशी काय सुरू केलं असतंत, ते कमेंटमध्ये लिहा. येत्या बुधवारी दुपारी अडीचला त्यावरच बोलू.