शंभरात सदतीस, तरीही अभिनंदन

प्रभात रोड असो की बाणेर, तुमच्या सोफ्यामागची भिंत अजून रिकामी असेल तर लोक नावं ठेवतात. वारली सगळ्यांकडे झालं, तांब्याचा सूर्यही झाला. आता प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हुसेन-रझा यांच्या गटातल्या कोणाचं तरी चित्र घ्या. मूळ चित्राच्या वाटेला मात्र जाऊ नका. हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात शंभर कोटींच्या वर गेलं. आपण सेरिग्राफ घ्यायचा: प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लावून काढलेली छपाई, मर्यादित प्रती, उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने सही.

पाहुण्यांना सांगायला इतिहास लागतो, तो पाठ करा. 1947 साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. (बाकरे म्हटल्यावर पाहुणे बशीतल्या बाकरवडीकडे बघतील, ते शिल्पकार होते असं सांगून त्यांना परत आणा.) अकादमीतलं गुळगुळीत वास्तव नको आणि बंगाल शैलीचा हळवेपणाही नको, असं या मंडळींचं म्हणणं. सूझा 1949 ला लंडनला गेले, रझा 1950 ला पॅरिसला. मुलगा न्यू जर्सीत असलेल्या घरात एवढा भाग लगेच पटतो. 'बंडखोरी' हा शब्द दोनदा तरी यायला हवा. फक्त ती बंडखोरी पडद्यांच्या रंगाला जाते ना, ते आधी बघून घ्या.

आता मुख्य अडचण. डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने 37/100 लिहिलेलं असतं, म्हणजे शंभर प्रतींतली सदतीस क्रमांकाची. पुण्यात हा आकडा बघून कोणीही म्हणणार, "काठावर पास!" काकू तर विचारतीलच, "अगं, नव्वदच्या पुढचं नव्हतं का एखादं?" मुंबईचा विक्रेता 1/100 साठी जास्त पैसे मागतो आणि आपल्याकडे ती प्रत फुकट दिली तरी कोणी दर्शनी भागात लावणार नाही. खरं तर जाळीच्या छपाईत सगळ्या प्रती सारख्याच उतरतात, आकडा छपाईच्या क्रमाने पडतो असंही नाही. पण हे बोलून दाखवू नका, दोन्ही शहरांचा बाजार बसेल. आणि आकड्याऐवजी 'एपी' लिहिलं असेल, तर ती चित्रकाराच्या वाट्याची, शंभराबाहेरची प्रत. मॅनेजमेंट कोटा समजा.

सहीबद्दल फार चौकसपणा बरा नव्हे. सूझा 2002 ला गेले, हुसेन 2011 ला, रझा 2016 ला. छपाईचं साल त्यानंतरचं आणि खाली ताजी पेन्सिल, असं आढळलं तर श्रद्धेने नमस्कार करा. परदेशातही हे चालतं. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवत. 1974 मध्ये अशा हजारो कागदांनी भरलेली गाडी फ्रेंच कस्टम्सने अडवली होती. चित्र नंतर, सही आधी. आपल्याकडे बिल्डरचा करारनामा असाच होतो, त्यामुळे तुम्हाला सवय आहे.

फ्रेमवाल्याकडे स्वतः जा आणि तिथून हलू नका. तो पहिलं वाक्य हेच बोलेल, "साहेब, कडेचं पांढरं कापून टाकू का? फ्रेम लहान होईल, स्वस्तात बसेल." त्या पांढऱ्यातच तुमचे पैसे आहेत. मग तो म्हणेल, पेन्सिलीचं काहीतरी लिहिलंय, माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, झाकतो. झाकू देऊ नका, चित्र थोडं झाकलं गेलं तरी चालेल. ॲसिड-फ्री माउंट मागितलात की तो दुकानातल्या पोऱ्याकडे बघून हसेल. तरी मागा, नाहीतर दोन पावसाळ्यांत रझांच्या चित्रातल्या बिंदूभोवती तुमचे स्वतःचे तपकिरी बिंदू उमटतील.

एवढं झाल्यावर माळ्यावरची ट्रंक एकदा उघडा. रविवर्मांचा छापखाना आधी मुंबईत होता, मग आपल्याच लोकलच्या वाटेवर, मळवलीला आला. तिथली लक्ष्मी, जरी-टिकल्या चिकटवलेली, तुमच्या आजीच्या देवघरात असायची. आकडा नाही, पेन्सिल नाही, वाटणीत कोणी मागितलीही नाही. ती आता विकत घेणारे आहेत. सापडली तर पुसून ठेवा आणि धाकट्या भावाला इतक्यात कळवू नका.