टूलमधला चेक ठेवला तो हट्टापायी नव्हे

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. जीएसटी नंबर तपासणाऱ्या आमच्या टूलमधल्या एका चेकने, म्हणजे तपासणीने, तुमच्या ग्राहकाचा खरा नंबर चुकीचा ठरवला आणि शुक्रवारी संध्याकाळी तुमचं बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअर तयार करायचं काम, अडकलं. त्रास झाला, माफी मागतो.

पण ‘चेक भरवशाचा नाही हे ठाऊक असून मालकाने हट्टाने ठेवला’ असं तुम्ही लिहिलंत, ते लागलं. फोंड्यात आम्ही दोघंच हे काम चालवतो आणि नवं गिऱ्हाईक रिव्ह्यू वाचूनच येतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पिनकोड आणि जीएसटी नंबरातला राज्याचा कोड (पहिले दोन आकडे) जुळवणारा हा चेक म्हापशाच्या एका डेव्हलपरने मागितला होता. त्याच्या दुकानदाराच्या बिलावर खरेदीदाराचा गोव्याचा ३० वाला नंबर हवा होता, पडला मुंबई ऑफिसचा २७ वाला. राज्यातल्या विक्रीच्या सीजीएसटी-एसजीएसटीच्या जागी परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी लागला. नंबर लिहिण्यातली चूक पकडणाऱ्या पंधराव्या, म्हणजे शेवटच्या अक्षराच्या तपासणीत हे सापडत नाही, कारण नंबर खराच असतो.

मग एकेक भानगड निघाली. ४० ने सुरू होणारे पिन महाराष्ट्राचे धरावेत, तर आपला गोव्याचा ४०३ त्यातच. ३९६ वलसाडचा आणि दमणचाही. माहेचा ६७३३१० केरळच्या रांगेत, कोड मात्र पुदुच्चेरीचा ३४. दर वेळी यादी दुरुस्त केली, रात्री बसून केली. तुमची केस यादीने सुटणारी नव्हतीच. नोंदणी पुण्याची, माल पोचवायचा पणजीला, दोन्ही खरं. म्हापशाची चूक आणि तुमचं बरोबर, चेकला दोन्ही सारखीच दिसतात. हे उमगायला आणि काढायचं धाडस करायला वेळ गेला, कारण चेक काढला तर त्या म्हापशेकराला काय सांगू? याला हट्ट म्हणू नका सर.

आणखी एक, राग मानू नका. आमच्याकडून हा चेक नुसती सूचना देतो. बिल्ड थांबवायची सेटिंग तुमच्याकडे चालू केलेली होती, तुम्हीच पाठवलेल्या फाइलीत ते दिसतं. रिव्ह्यूत तेवढं आलं असतं तर बरं झालं असतं.

आता ठरलं आहे, पुढच्या आवृत्तीत हा चेक नसेल. पंधराव्या अक्षराची तपासणी राहील, ती पक्की आहे. चवथीआधी जमवायचा प्रयत्न करतो. माहितीची पानंही सुधारायची आहेत, आणि ज्यांना हा चेक हवाच त्यांच्यासाठी वेगळी काही सोय होते का तेही बघतो. नवी आवृत्ती आली की तुम्हाला मेल करीन, एकदा चालवून पाहा.