2005 साली काय संपलं आणि काय नाही

आमच्या शाळेच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. यंदा तो तिघांनी टाकला. त्याचं सार असं : कुष्ठरोग भारतातून 2005 सालीच हद्दपार झाला, गोळ्यांनी माणूस खडखडीत बरा होतो, तरी काही लोक आश्रमांत आळशासारखे फुकट जेवत पडलेत, दानशूरांच्या पैशावर हे किती दिवस पोसायचं? आणि खाली लाल अक्षरांत, ‘अशा लोकांना हात लावताना काळजी घ्या’. रोग संपलाय आणि हात लावू नका, ही दोन्ही वाक्यं एकाच मेसेजात सुखानं नांदतात!

मी स्वतः 12 महिने त्या गोळ्या खाल्ल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते 2005. त्या वर्षअखेरीला जे गाठलं त्याला सरकारी भाषेत ‘निर्मूलन’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ इतकाच की 10,000 लोकांमागे उपचार चालू असलेले रुग्ण एकाहून कमी. तेही सगळ्या देशाची सरासरी धरून. शिवाय कोर्स संपला की नाव यादीतून कटतं. पूर्वी वर्षानुवर्षं चालणारे उपचार 6 किंवा 12 महिन्यांवर आल्यावर यादी आखूड होणारच. आजही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, म्हणजे जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त.

आता ‘खडखडीत बरा’. जंतू मरतात, यात शंका नाही. गेलेली संवेदना मात्र पुष्कळदा परत येत नाही. माझ्या डाव्या हातावर फिकट चट्टा होता. आरोग्य केंद्रातले कर्मचारी म्हणाले, डोळे मिटा आणि मी पेन टेकवीन तिथं बोट ठेवा. दोन-तीनदा बरोबर ठेवलं. मग बराच वेळ काहीच होईना. मी म्हटलं, “टेकवा की.” ते म्हणाले, “चारदा टेकवून झालं.”

कोपराजवळची शीर (रक्ताची नव्हे, संवेदना पोचवणारी) दोरीसारखी जाड झाली होती. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, पुढे कातडी काळवंडली. शेजारपाजारी आईनं ‘उन्हानं रापलाय’ म्हणून सांगितलं. कोर्स झाला, नाव कटलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून बधिरच आहे. गेल्या पावसाळ्यात चहाचा स्टीलचा ग्लास धरून गप्पा मारत बसलो होतो. फोड दिसला तेव्हा कळलं की भाजलंय. लोक ‘बोटं झडली’ म्हणतात ती अशी जातात : भाजलेलं, कापलेलं, ठेचलेलं कळत नाही, जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. ज्यांचे तळवे बधिर आहेत त्यांनी रोज पाय पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं, आरसा धरून तळव्यावर काटा-खिळा-फोड बघायचा आणि एमसीआरची (बारीक छिद्रांच्या खास रबराची) मऊ चप्पल सोडायची नाही. जन्मभर. याला आळस म्हणणाऱ्यांनी आठवडाभर करून बघावं.

मग घरी का राहत नाहीत? घरच्यांनी ठेवून घेतलं असतं तर राहिले असते. 1898 च्या कायद्यानं निराधार कुष्ठरुग्णाला पोलिसांना वॉरंटशिवाय पकडता येत होतं. तो रद्द व्हायला 2016 उजाडलं. नवराबायकोपैकी एकाला कुष्ठरोग आहे, एवढ्यावर घटस्फोट मागायची कायदेशीर सोय 2019 पर्यंत होती.

आणि ‘दानशूरांनी पोसलं’. मला सर्वांत जास्त चीड या वाक्याची येते. मिशनऱ्यांनी आधीच काम सुरू केलं होतं, ते मान्य. पुढे 1936 मध्ये मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम आणि 1946 मध्ये शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत तपोवन उभं केलं, तेव्हा रुग्ण तिथं नुसते खाटेवर पडून नव्हते. शेती, सूतकताई, सुतारकाम, सगळं त्यांच्याच हातांनी. वरोऱ्याचं आनंदवन 1951 चं. बाबा आणि साधनाताई आमटे, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये, अशी त्याची सुरुवात सांगतात. खडकाळ रानात विहिरी खोदल्या त्या याच लोकांनी. मळा पिकायला लागला तर वरोऱ्यात त्यांची भाजी कुणी घेईना. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे परदेशी तरुण तिथं राबायला आले, रुग्णांबरोबर राहिले, जेवले, तेव्हा कुठे गावाची भीड चेपली. (परदेशी पोरांनी खाल्लं म्हणून आपण खाल्लं, हेही आपलंच.) आणि 1964 मध्ये त्याच आनंदवनानं आनंद निकेतन कॉलेज काढलं, गावच्या पोरांसाठी. ज्यांची वांगी-टोमॅटो नाकारली, त्यांच्या आवारात शिकून लोक मास्तर झाले, कारकून झाले.

देणग्या येतात, नाही असं नाही. म्हाताऱ्या, हातपाय गेलेल्या रुग्णांसाठी त्या लागतातही. पण बिस्किटाचे पुडे वाटून फोटो काढून जाणाऱ्यांनी आश्रम चालवलेत, असं कुणी समजू नये.

राहिली ती लाल अक्षरं. हा रोग हात लावल्यानं होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या श्वासावाटे, दीर्घ सहवासात पसरतो, तोही थोड्यांनाच. बहुतेकांच्या अंगात त्याला पुरून उरणारी प्रतिकारशक्ती असते. गोळ्या सुरू झाल्या की संसर्गाचा धोका लवकरच संपतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला पाचेक वर्षं सहज जातात. काळजी घ्यायचीच असेल तर आपल्या अंगावरच्या फिकट किंवा लालसर चट्ट्यावर कापसाचा बोळा टेकवून बघा, कळतो का ते. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून माणूस दोन-दोन वर्षं गजकर्णाचं मलम चोळत बसतो. मीही बसलो होतो.