जरासं टचिंग

आमच्या धंद्यात काम चांगलं झालं की ते दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या कामाचे पैसे खुशीनं देणारं गिऱ्हाईक नाशकात अजून जन्माला यायचंय. फोटो बघून माणूस म्हणाला पाहिजे, "अरे, मी मुळातच बरा दिसतो की!" तसं म्हणाला की मी जिंकलो. पण पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "मग तुम्ही केलंत काय?"

पंचवटीत, रामकुंडाच्या अलीकडे माझा स्टुडिओ. येणारी माणसं मुख्यतः दोन प्रकारची. घरात कुणाचं तरी लग्न जमवायचं चाललंय ती, आणि घरात कुणाचा तरी दहावा आहे ती. फोटो दोघांनाही उद्या सकाळीच हवा असतो.

लग्नवाल्यांची सुरुवात अशी, "दादा, बायोडेटासाठी जरासं टचिंग करा. पण नॅचरल वाटलं पाहिजे हं." हे जरासं म्हणजे मुरुम, डोळ्यांखालचं काळं, किंचित वाकडा दात, डबल चिन, कपाळावरचे भुरभुरते केस आणि गालावरचा तीळ. यादी आई सांगते. जिचा फोटो असतो ती मुलगी शेजारी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असते.

"काकू, मुरुम आठवड्यात जाईल, म्हणून तो काढतो. तीळ कांदेपोह्यांना सोबत येणार आहे."

मी कितवीपर्यंत शिकलो असेन याचा अंदाज घेत काकू माझ्याकडे बघत राहतात.

आता त्यांना कसं सांगू, की फोटोत कातडीचे दोन हिशेब असतात. एक रंगाचा आणि सावल्यांचा, दुसरा बारीक छिद्रांचा आणि लवेचा. फ्रिक्वेन्सी सेपरेशन नावाच्या युक्तीनं हे दोन थर वेगळे करता येतात. डाग, लाली खालच्या थरात. तिथे हात फिरवावा. वरच्या थरातली छिद्रं मात्र जपायची. ती गेली की नवरी मेणाची होते. डोळ्यांखालचं काळं निम्मंच उचलायचं, सगळं पुसलं की डोळे वरून डकवल्यासारखे दिसतात. दातांचा पिवळेपणा कमी करायचा, पण चुना फासायचा नाही. आणि झूम आवरायचा. ३०० टक्क्यांवर कुणाच्याही गालावर लोणार सापडतं. इतक्या जवळून माणसाचा चेहरा फक्त न्हावी आणि डोळ्यांचा डॉक्टर बघतो, आणि त्या दोघांना सोयरीक करायची नसते.

मग आवाज खाली आणून, "जरा उजळ करा ना."

इथे मी अडून बसतो. रंग बदलायचा तर नुसता चेहरा धुऊन भागत नाही. मान, कान, मेंदीची बोटं, सगळंच धुवावं लागतं. कुठेतरी राहतंच, आणि चेहरा एकीचा, हात दुसरीचे असा प्रकार होतो. शिवाय तो हट्टच मला आवडत नाही, पण हे गल्ल्यावर बसून बोलायचं नसतं. म्हणून मी अख्ख्या फोटोचा उजेड किंचित वाढवतो. मुलगी, साडी, मागची भिंत, सगळेच थोडे उजळतात. काकू खूश. भिंतीची कुणालाच हरकत नसते.

मुलांचं दुखणं पोट. लिक्विफाय नावाच्या हत्यारानं पोट आत ढकललं की पोटामागे जे असेल तेही सोबत येतं. एकानं काळाराम मंदिरात काढलेला फोटो आणला होता. काळ्या पाषाणाचा खांब, एवढ्या पिढ्या ताठ उभा राहिलेला, याच्या ढेरीपायी कमरेत लचकला! पोटाला लागला त्याच्या दुप्पट वेळ मला खांबाला लागला. त्याचे पैसे मागितले असते तर मुलाचे वडील म्हणाले असते, खांब आमचा नाही.

मोबाइलमधला ब्यूटी मोड तर अंगावर येतो. त्याला नथ आणि मुरुम यातला फरक कळतच नाही. परवा आलेल्या फोटोत नथीचे मोती गालात विरघळले होते आणि मामांच्या मिशीचा एक धूसर पट्टा झाला होता. वर मामा म्हणतात, "आता यात फक्त नॅचरलपणा आणा." जे फोटोतून गेलंय ते मी आणू कुठून?

फोटोशॉप आलं १९९० मध्ये, पण टचिंग त्याच्या कितीतरी आधीचं. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते काका निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं काम करायचे. निगेटिव्हमध्ये सुरकुती पारदर्शक रेघेसारखी असते. तिच्यात शिसं भरलं की प्रिंटवर ती फिकी उमटते. अनडूचं बटण नव्हतं, त्यामुळे काका भीत भीत थोडंच करायचे. म्हणून त्या फोटोंतली माणसं अजून माणसं दिसतात.

आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके सिनेमात पडण्याआधी गोध्र्याला, मग बडोद्याला फोटोग्राफी करायचे. कॅमेरा माणसातला जीव ओढून घेतो, या समजुतीनं लोक फोटोला बसायला घाबरायचे म्हणे. आता ती भीती गेली. जीव गेला तरी चालेल, सुरकुती जायला पाहिजे.

आणि ज्यांच्या घरातला जीव खरोखरच गेलाय, ती मंडळी दुसऱ्या बाकावर बसलेली असतात. त्यांच्याकडे फोटो दोनच. एक आधार कार्डावरचा, ज्यात कोणीही धडधाकट माणूस फरार आरोपी दिसतो. दुसरा कुणाच्या तरी लग्नातला, तिसऱ्या रांगेतला, खांद्यावर परक्याचा हात आणि मागे कूलर. हल्ली नातू आधीच एखाद्या ॲपमधून फोटो 'क्लिअर' करून आणतात. ॲपला जे दिसत नाही ते ॲप मनानं भरतं. एका आजोबांना कवळीही बसत नव्हती. ॲपनं त्यांना झगझगीत दंतपंक्ती दिली. भावकीत कुणी ओळखलं नाही.

दिंडोरीकडच्या एका कुटुंबानं असंच सांगितलं. कूलर काढा, हात काढा, सुरकुत्या कमी करा, कपाळावरची खोक घालवा आणि डोक्यावर पांढरी टोपी द्या. टोपी दुसऱ्या फोटोतून आणली. प्रत्येक गोष्ट मी वेगळ्या लेयरवर, म्हणजे हवा तेव्हा चालू-बंद करता येणाऱ्या थरावर ठेवतो, कारण नातेवाईक येतात तितकी मतं येतात. मुलगे स्क्रीन बघून समाधानानं माना डोलवत होते. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आजी उठल्या, पदर सावरत स्क्रीनला नाक लागेल इतक्या जवळ आल्या.

"खोक कुठं गेली रे बाबा?"

"आई, ती काढायलाच सांगितली," थोरला म्हणाला.

"बैलानं मारल्याली खोक. ती काढायची कशापायी?" मग माझ्याकडे वळून, "आन् ही टोपी कुणी सुचवली? मला बघायला आले तवा अशीच भुवईपतुर ओढून बसले होते. खोक दिसली ती थेट हळदीला. आता तरी मागं सरकव."

खोकेचा लेयर चालू केला. टोपी चांगली दोन बोटं मागे घेतली.

"अजून थोडी," आजी म्हणाल्या.