व्हीपीएन जोडला की घरचा प्रिंटर गायब

घरून काम करताना ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा बोगदा म्हणजे व्हीपीएन. अहो, माझं मागणं किती साधं आहे! ऑफिसच्या डोमेनची नावं ऑफिसच्या डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारा, बाकीची घरच्या राउटरला. पण नाही. व्हीपीएन जोडला की तो लिनक्सची रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलच, म्हणजे कुठल्या डीएनएसला विचारायचं ते जिथे लिहिलेलं असतं तीच, बदलून टाकतो. मग घरातल्या प्रिंटरचा पत्ताही ऑफिसच्या सर्व्हरला विचारायचा! त्याला काय कप्पाळ माहीत असणार?

'फाइलीत दोन्ही सर्व्हर लिही ना' म्हणणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. पहिल्याने 'असं नावच नाही' म्हटलं की विषय संपला. दुसऱ्याला विचारतात ते पहिल्याने उत्तरच दिलं नाही तर. डोमेन बघून वाटणी करायची सोयच नाही तिथे.

ती सोय लिनक्सवरच्या सिस्टमडी-रिझॉल्व्हड या नावं शोधणाऱ्या सेवेत आहे. व्हीपीएनच्या इंटरफेसला (त्याच्या नेटवर्क जोडणीला) ऑफिसचं डोमेन द्यायचं, आधी '~' लावून, म्हणजे त्या डोमेनचीच नावं तिकडे जातात. एवढंसं वळवळतं चिन्ह, पण सगळी मदार त्याच्यावर. बरं, रिझॉल्व्हसीटीएल या त्याच्या कमांडने हाताने लावलेलं सगळं व्हीपीएन तुटला की पुसलं जातं. पुन्हा जोडा, पुन्हा लावा. आणि इतकं करून ब्राउझरमध्ये डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस (ब्राउझरने स्वतःच कूटबद्ध जोडणीवरून नावं विचारायची सोय) चालू असेल तर तो परस्पर तिसऱ्याच सर्व्हरला विचारू शकतो! मग टर्मिनलला ऑफिसची साइट सापडते, ब्राउझरला नाही, आणि सपोर्टवाले म्हणतात, 'एकदा रीस्टार्ट करून बघा.'