‘हलका माल गळ्यात मारला’ म्हणणाऱ्या भाऊंना दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. रागाने लिहिलाय, आणि राग यावा असंच झालंय. म्हणून ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व, दुकानात भेटा’ एवढं लिहून मोकळा होत नाही.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. भाऊंनी दीड वर्षापूर्वी आमच्या धुळ्याच्या दुकानातून पीकसंरक्षणाच्या लायसन्सवर ठासणीची बंदूक नेली, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालून गजाने ठासायची. गेल्या महिन्यात मका दाण्यावर आला, डुकरं घुसली, तेव्हा घोडा आपटून ठिणगी देणाऱ्या दोन टोप्या फुसक्या गेल्या. तिसऱ्या टोपीला बार झाला तो असा, की खांदा काळानिळा पडला आणि नळीला फुगवटा आला. त्यांचं म्हणणं, मी कमिशनसाठी हलक्या कंपनीचा माल गळ्यात मारला, इटालियन किंवा अमेरिकन रायफल असती तर हे झालंच नसतं, आणि ‘सगळ्या कंपन्या सारख्याच’ हे माझं वाक्य धादांत खोटं होतं.

शेवटून सुरुवात करतो. ते वाक्य मी बोललो होतो. मार्चअखेर होती, काउंटरवर गर्दी, तुम्ही दोन बंदुका पुढ्यात ठेवून ‘यातली चांगली कोणती’ विचारलंत आणि मी रजिस्टरमधून मान वर न करता ते फेकलं. सगळ्या कंपन्या सारख्या नसतात. तुम्ही ठेवून दिलेली दुसरी बंदूक खरोखर सरस होती. तिची कमान कडक होती, घोडा अर्ध्यावर चढवला की अंगठ्याने ढकलूनही सुटत नव्हता, आणि निपलचे, म्हणजे टोपी बसते त्या पोकळ खुंटीचे, आटे स्वच्छ कापलेले होते. तुम्ही नेलेलीत यातलं काही वाईट नव्हतं, पण तेवढं नीटसही नव्हतं. हे मी दोन मिनिटं काढून सांगायला हवं होतं. कमिशनचं मात्र पटत नाही भाऊ. महागडी बंदूक खपली असती तर माझ्याच गल्ल्यात जास्त पडलं असतं.

आता तुमच्या बंदुकीचं. ती मंगळवारपासून माझ्याकडे जमा आहे, पावती तुमच्याजवळ आहे. मी आणि आमच्या मिस्त्रींनी ती खोलली. आधी नळी रिकामी असल्याची खात्री केली, मग निपल काढलं. भोकातून सुई जाईना. टाचणीने कोरलं तेव्हा आतून काळी, बूटपॉलिशसारखी वात निघाली. तेल आणि जळक्या दारूची राख मिळून झालेली. टोपी फुटत होती, पण तिची ठिणगी दारूपर्यंत पोचायला वाटच नव्हती. म्हणजे टोप्यांत दोष नव्हता. पावसाळ्याआधी तुम्ही नळीत भरपूर तेल सोडून बंदूक भिंतीला उभी ठेवलीत, ते सगळं ओघळून बुडाशी आलं. बंदूक जपायची म्हणूनच केलंत, पण ठासणीच्या बंदुकीला तेलाचा हात पुसटच लागतो. आणि भरण्याआधी रिकाम्या बंदुकीवर, नळी मोकळ्या जागेकडे धरून, एक-दोन टोप्या उडवून वाट सुकवून घ्यायची असते.

मग फुगवटा. यावर रात्री आमच्यात बराच वाद झाला. मिस्त्री नळी उजेडाकडे धरून आतून बघत होते, मी बाहेरून बोट फिरवत होतो. बुडाशी नळी सरळ आहे. बुडापासून वीतभर पुढे अंगठी घातल्यासारखा गोल उंचवटा बोटाला लागतो. दाब सगळ्यात जास्त असतो तो बुडाशी. नळीच कच्ची असती तर तिने बहुतेक तिथे दगा दिला असता. पुढे, एकाच जागी, गोल फुगतं ते पुढे काहीतरी अडून बसलेलं असलं की. आणि ते काय होतं हे तुमच्याच बोलण्यात आलं. दुसरी टोपी गेल्यावर, अंधारात, ‘भरली होती का नव्हती’ याची खात्री वाटेना म्हणून तुम्ही पुन्हा दारू घातली, पुन्हा छर्रे, पुन्हा ठासलं. खाली एक भरणी तशीच होती. तिसरी टोपी पेटली तेव्हा एकीवर एक अशा दोन भरण्या उडाल्या. खांद्यावर बसलेला मार त्याचाच. नळी फाटली नाही, हे त्या ‘हलक्या’ नळीचं नशीब म्हणा की गुण म्हणा.

म्हणजे चूक तुमची, असं म्हणून मी हात झटकतोय असं वाटेल. तसं नाही. वडील दुकानात बसायचे तेव्हा प्रत्येक गजावर कानशीने दोन चरे पाडून द्यायचे. रिकाम्या नळीत गज सोडून तोंडाशी एक चरा, आणि गिऱ्हाइकाच्या नेहमीच्या मापाने भरून दाखवल्यावर दुसरा. पुढे कधीही, रात्री, पावसात, गज आत सोडला की बोटाला कळतं, नळी रिकामी, एकदा भरलेली की दोनदा. भरताना छर्रे दारूवर पूर्ण टेकले की मध्येच अडकले, तेही त्याच चऱ्यावर समजतं. मध्ये पोकळी राहिली तरी नळी फुगते, त्याला दोन भरण्याही लागत नाहीत. तुमच्या गजावर मी हे चरे पाडून दिले नव्हते. घाई होती, हे कारण पुरत नाही.

ब्रँडचं सविस्तर लिहितो, कारण परदेशी बंदुकांचे व्हिडिओ बघून विचारणारे तुम्ही एकटे नाही. पहिलं म्हणजे रायफल आणि तुमची बंदूक या दोन वस्तू आहेत. रायफलच्या नळीत आत पिळाचे खाचे असतात, तुमची नळी आतून गुळगुळीत. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, तुमचं लायसन्स त्यातलं. परदेशी ठासणीची रायफल मी दुकानात मांडून विकत नाही, तेव्हा ती सोडून मी तुम्हाला दुसरं काही विकलं असं झालेलं नाही.

पण तुलना करायचीच तर करू. तुम्ही लिहिलेली इटालियन कंपनी पेडरसोली. १९५७ पासून गार्दोने व्हाल त्रोम्पिया या गावात जुन्या धाटणीच्या बंदुका बनवते, काम देखणं असतं यात वाद नाही. माझ्या मते तिथली खरी गोष्ट म्हणजे प्रूफ. इटलीत प्रत्येक नळी सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये नेहमीपेक्षा जड भरणीने उडवून तपासतात, टिकली तरच शिक्का बसतो. कंपनीने स्वतः स्वतःला दिलेलं ते प्रशस्तिपत्र नसतं. अमेरिकेत असं सक्तीचं सरकारी प्रूफ नाही, तिथे कंपनीच्या शब्दावर आणि नावावर चालतं. आणि नाव मोठं म्हणून भागत नाही. सीव्हीए या अमेरिकन नावाच्या इन-लाइन रायफली (ठासणीच्याच, पण ठिणगी सरळ मागून देणाऱ्या) १९९७ मध्ये परत मागवाव्या लागल्या, ज्यांचे नंबर ९५ किंवा ९६ ने संपतात त्या. नळी निकामी होऊन माणूस जखमी होण्याचा धोका होता. म्हणजे त्याच कंपनीची, त्याच दुकानातून घेतलेली, पण दुसऱ्या नंबरची रायफल त्या यादीत नव्हती. ‘अमेरिकन आहे म्हणजे सुरक्षित’ हे मला म्हणूनच पटत नाही. बंदुकीवर आधी शिक्का आणि नंबर बघायचा, कंपनीचं नाव त्यानंतर.

अमेरिकन इन-लाइनमध्ये एक गोष्ट मात्र खरंच चांगली, आणि ती आपल्याकडे यावी असं मला फार वाटतं. १९८५ मध्ये टोनी नाइट यांनी एमके-८५ काढली, त्या घाटाच्या रायफलीत ठिणगी सरळ मागून दारूत जाते आणि बुडाची बूच फिरवून काढता येते. बूच काढली की नळी आरपार दिसते. धुवायला सोपी, आणि भरलेली आहे का हे बघायला चरेसुद्धा नकोत. आपल्या टोपीच्या बंदुकीत बूच पक्की बसवलेली, ठिणगी बाजूने वळण घेऊन जाते, त्यामुळे ती वाट साफ ठेवणं सगळं तुमच्या हातात.

आपल्याकडच्या बंदुका मुंगेर, जम्मू इथल्या लायसन्सधारक कारखान्यांतून येतात. त्यांच्यात डावं-उजवं आहे. घेताना मी स्वतः बघतो तो प्रूफचा शिक्का, मग निपलचे आटे, मग घोडा अर्ध्यावर धरतो का, मग दस्ता आणि नळीच्या सांध्यात नख शिरतं का. तुमच्या नळीवर शिक्का आहे, मंगळवारी भिंगाखाली तुम्हालाही दाखवला. काही लोक आजोबांची बंदूक घेऊन येतात, त्यावर बर्मिंगहॅमचा मुकुटाचा शिक्का असतो, आणि ‘ही विलायती, हिला काय होतंय’ म्हणतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं, शिक्का अस्सल. पण तो नळी नवी होती तेव्हाचा. मधल्या शंभर-दीडशे वर्षांत आतून गंजाने किती खाल्लं ते शिक्का सांगत नाही.

तुमच्यासोबत आलेले दादा काउंटरवर जे बोलले त्याचं उत्तर इथेच देतो, कारण ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ‘काडतूसनी दारू टाका ना भो, धूर भी व्हत नही.’ दादा, हे कधीच करू नका. काडतुसातली बिनधुराची दारू आणि ठासणीची काळी दारू दिसायला दोन्ही भुकटीच, पण बिनधुराचीचा दाब काळ्या दारूसाठी केलेल्या नळीला झेपत नाही. थोडी घातली तरी नाही. सॅव्हेज कंपनीची १०एमएल-२ नावाची ठासणीची रायफल खास बिनधुराच्या दारूसाठीच बनवली होती, तुमच्या व्हिडिओत बहुधा तीच असेल. ते बघून आपल्या बंदुकीत घालणाऱ्याची बोटं जातात, कंपनी कुठलीही असो. काळ्या दारूचा धूर आणि राख सहन करायची. तिची निम्म्याहून जास्त राखच होते, आणि ती राख हवेतलं पाणी ओढते. म्हणून बार काढला त्याच दिवशी गरम पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, मग तेलाचा पुसट हात. सकाळी बघू म्हटलं की श्रावणात एका रात्रीत तांबूस डाग दिसतात.

फुसकी टोपी गेली तर नळी समोरच, मोकळ्या रानाकडे धरून निदान एक मिनिट थांबायचं. दारू उशिरा पेटते कधी कधी. लगेच तोंडाशी डोकावणारे मी पाहिलेत.

पुढचं असं. फुगलेली नळी ठोकून सरळ होत नाही. कोणी वेल्डिंगवाला ‘करून देतो’ म्हणाला तरी द्यायची नाही. धोका आहेच, शिवाय दुरुस्तीलाही लायसन्स लागतं. ही बंदूक आता उडवायची नाही. कारखान्याला फोटो आणि नळीवरचा नंबर पाठवलाय. नळी बदलून प्रूफ करून देतात का, याचं उत्तर आलं की कळवतो. ते खर्च मागतील, कारण दोन भरण्यांचा दोष ते अंगावर घेणार नाहीत. त्यातला निम्मा मी भरीन, गजावरच्या चऱ्यांपोटी. नंबर बदलला तर तो लायसन्सवर चढवून घ्यावा लागेल, त्या अर्जाचं मी बघतो. तोवर डुकरांसाठी फटाके आणि तारेवरचे डबे. आणि लायसन्स म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे, ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. हे मी विकताना सांगितलं होतं, पण सगळ्यांनी वाचावं म्हणून पुन्हा लिहितो.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. त्यातला कमिशनचा भाग सोडला तर बाकीचं मला लागलं आणि लागायलाच हवं होतं.

मंगळवारी बंदूक आणलीत, पण गज घरीच राहिला. दुकान बुधवारी बंद असतं, इतर दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत उघडं. येताना तेवढा आणा. नवी नळी आली की तिच्या मापाने कानस मी स्वतः मारतो.